विरोधी रंग वापरले, तरी नाव वाचता का येत नाही?

प्रश्न थोडक्यात असा. फैजपूरजवळच्या एका ताईंनी घरून केळी वेफर्सचा धंदा सुरू केला आहे. रंगचक्रावर समोरासमोर येणारे रंग एकमेकांना उठाव देतात असं वाचून त्यांनी भाच्याकडून पाकीट आणि फ्लेक्स करून घेतला: गर्द हिरव्या जमिनीवर लालभडक नाव. आता दुकानदार म्हणतो नाव लागत नाही, गिऱ्हाईक म्हणतं डोळ्यांत खुपतं. ‘नियम तर पाळला, मग चुकलं कुठं? आणि माल विकणारी रंगजोडी कोणती?’

ताई, नियम खोटा नाही. त्याचं काम वेगळं आहे, एवढंच. मी धुळ्यात बोर्ड रंगवायला लागलो तेव्हा डबा, ब्रश आणि टर्पेंटाइन होतं, आता जळगावात संगणकावर तेच करतो. या सगळ्या वर्षांत हिरव्यावर लाल अक्षरं मागणारी माणसं मी इतकी पाहिली आहेत की तुमचा फ्लेक्स न बघताही माझ्या डोळ्यांसमोर आला. आणि लाजायचं कारण नाही, मीही तो केलेला आहे. चोपड्याकडच्या एका बियाण्याच्या दुकानदाराला अगदी असाच फलक करून चौकात लावून दिला. दोन दिवसांनी त्याचा फोन, ‘पेंटर, बोर्ड कव्हय लावशी?’ म्हणजे कधी लावणार. गडी दोनदा त्याच्याखालून मोटरसायकलवर गेला होता.

त्या दिवशी जे कळलं ते सांगतो. ‘काँट्रास्ट’ या एका शब्दाखाली आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो. एक रंगाचा विरोध: लाल आणि हिरवा, निळा आणि केशरी, पिवळा आणि जांभळा. दुसरा उजेडाचा विरोध: हा रंग किती उजळ, तो किती गडद. डोळा अक्षर वाचतो ते मुख्यतः दुसऱ्याच्या जोरावर. पहिला लक्ष वेधतो, मन प्रसन्न करतो, कधी चिडवतोही, पण अक्षराची कड तो धरून ठेवत नाही. छापील लाल आणि छापील हिरवा रंगाने कट्टर विरोधी असले तरी उजेडाने जवळजवळ सख्खे भाऊ आहेत. पटत नसेल तर तुमच्या पाकिटाचा फोटो काढा आणि मोबाइलमध्येच तो कृष्णधवल करा. नाव राखेत राख मिसळावी तसं जाईल. डोळ्यांत खुपतं तेही याच कारणानं: उजेड सारखा, रंग मात्र उलटे, म्हणून कड कुठं आहे ते डोळ्याला ठरवता येत नाही आणि अक्षर थरथरल्यासारखं दिसतं. आमच्या लाइनीत त्याला ‘रंग नाचतो’ म्हणतात.

याचं मोजमापही आहे. वेबसाइटसाठी जे आंतरराष्ट्रीय निकष वापरतात त्यात अक्षर आणि जमीन यांच्या उजेडाचं गुणोत्तर काढतात. काळ्या-पांढऱ्याचं ते सगळ्यांत जास्त, 21 ला 1. बारीक अक्षराला किमान 4.5 हवं, मोठ्या ठळक अक्षराला 3 चालतं. पडद्यावरच्या शुद्ध हिरव्यावर शुद्ध लाल टाकला तर 2.9 येतं, म्हणजे मोठ्या अक्षरालाही नापास. छापायच्या शाईतले नेहमीचे लाल-हिरवे घेतले तर दीडसुद्धा धड भरत नाही. आता गंमत बघा. केशरी आणि त्याच्या बरोबर समोरचा आकाशी निळा ही पुस्तकातली आदर्श विरोधी जोडी, पडद्यावर तिचंही गुणोत्तर जेमतेम 1.5 येतं. उलट काळ्यावर पिवळं 19 च्या वर जातं, आणि काळा तर रंगचक्रावर कुठं बसतही नाही! भुसावळ जंक्शनची पाटी आठवा. पिवळी जमीन, काळी अक्षरं. धावत्या गाडीच्या खिडकीतून, झोपेतून उठलेल्या माणसालाही गाव कळतं. तिथं कुणी विरोधी रंग शोधत बसलं नाही, उजेड-अंधार शोधला.

पांढऱ्यावर पिवळं नाव लिहिणारेही भेटतात, त्यांना मी हात जोडतो. ते गुणोत्तर 1.07 आहे. म्हणजे पांढऱ्यावर पांढरंच म्हणा.

मग विरोधी रंगांचा उपयोग काय? आहे, आणि मोठा आहे. पण तो मला कोणत्या डिझाइनच्या वर्गात कळला नाही. धुळ्यात एका साडीच्या दुकानाचे भावाचे बोर्ड लिहायचो, तिथल्या गादीवर बसून कळला. तिथं ‘काँट्रास्ट’ हा शब्द रोज शंभरदा ऐकू यायचा. बाई म्हणायची, अंग हिरवं असू दे, काठ काँट्रास्ट दाखवा. दुकानदार हिरव्या अंगाला डाळिंबी काठ असलेली साडी उलगडायचा आणि ती साडी उठून दिसायची. अर्धं हिरवं, अर्धं लाल अशी साडी मात्र कुणी मागितली नाही, आणि दाखवली असती तर बायांनी हसून घडी घालायला सांगितली असती. काठ चार बोटं, अंग साडेपाच मीटर. तो काठही हिरव्याला थेट भिडत नाही, मध्ये जरीची एक रेघ असते. विणकराला ठाऊक आहे की हे दोघं शेजारी बसवायचे तर मध्ये बांध हवा. तुमच्या पाकिटावर लाल आणि हिरवा जवळपास निम्मेनिम आहेत आणि मध्ये बांधही नाही.

कापडाचाच विषय निघाला म्हणून सांगतो, हे शास्त्रही रंगाऱ्यांच्या भट्टीतूनच आलं. पॅरिसमध्ये गोबेलँ नावाचा, भिंतीवर लावायचे चित्रांचे पडदे (टॅपेस्ट्री) विणण्याचा सरकारी कारखाना आहे. 1824 मध्ये शेव्हरल नावाचा रसायनतज्ज्ञ तिथं रंगाई खात्याचा प्रमुख झाला. तक्रार होती की काळा रंग नीट चढत नाही, निळ्या-जांभळ्या भागातल्या सावल्यांना घातलेला काळा फिकट, मेलेला दिसतो. त्यानं रंग तपासला, तर रंग चांगला होता. दोष शेजाऱ्याचा होता. प्रत्येक रंग आपल्या शेजाऱ्यावर स्वतःच्या विरोधी रंगाची झाक टाकतो, हे त्यानं 1839 मध्ये सविस्तर मांडलं. नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर हे फुकट बघायला मिळतं. चहूकडे लाल मिरची वाळत घातलेली, आणि मध्ये एखादी बाई साधी हिरवी साडी नेसून मिरची निवडत बसलेली असते. तीच साडी रस्त्यावर कुणाच्या लक्षातही येणार नाही. पथारीवर ती पाचूसारखी दिसते. हिरवं थोडं, लाल अफाट.

हे प्रमाण किती असावं याचा एक ठोकताळा जर्मनीतल्या बाउहाऊस या कलाशाळेत 1919 ते 1923 या काळात शिकवणाऱ्या योहानेस इट्टेन यांनी पुढं रूढ केला. शुद्ध भडक रंग घेतले तर पिवळा एक भाग आणि जांभळा तीन, केशरी एक आणि निळा दोन, लाल आणि हिरवा मात्र एकास एक. कारण पिवळा मुळातच उजळ, थोडा असला तरी पुरतो. जांभळा गडद, म्हणून जास्त लागतो. आता लाल-हिरव्याचं एकास एक म्हणजे काय ते लक्षात घ्या: दोघांची ताकद सारखी, कुणीच माघार घेत नाही. चित्रकाराला हा समतोल वाटेल, जाहिरातीत ते भांडण होतं. पिवळ्या-जांभळ्याच्या जोडीत रंगाचा विरोध आणि उजेडाचा विरोध दोन्ही एकदम मिळतात, म्हणून नवख्यासाठी ती सगळ्यांत सोपी. लाल-हिरव्यात उजेडाचा विरोध आपल्याला मुद्दाम तयार करावा लागतो, एकाला पार गडद करून किंवा पार फिकं करून. माझ्या मते म्हणूनच ती जोडी शिकाऊ माणसानं हातात घेऊ नये.

इथं भाचा एक शंका काढेल. पेंटरच्या रंगचक्रावर लालसमोर हिरवा असतो, संगणकावरच्या चक्रात लालसमोर सायन म्हणजे हिरवट आकाशी दिसतो, पिवळ्यासमोर जांभळ्याऐवजी निळा. खरं कोणतं? रंगद्रव्य मिसळण्याचा हिशोब वेगळा, प्रकाश मिसळण्याचा वेगळा, म्हणून दोन चक्रं आहेत. मी डोळ्यालाच विचारतो. लाल कागदाकडे अर्धा मिनिट टक लावून बघा आणि मग पांढऱ्या भिंतीकडे नजर टाका. भिंतीवर जो रंग तरळेल तो पोपटी नसतो, निळसर हिरवा असतो, साडीवाले ज्याला ‘रामा कलर’ म्हणतात त्याच्या आसपासचा. ऑपरेशन थिएटरमधले हिरवे-निळे गाऊन याचसाठी: सतत रक्ताकडे बघून डोळ्यापुढं येणारी ती हिरवी झाक पांढऱ्या कपड्यावर त्रास देते, हिरव्यावर विरून जाते. तेव्हा लालला जोड द्यायचीच असेल तर पानाचा हिरवा सोडा आणि गडद रामा घ्या. फरक लगेच दिसतो.

अजून एक जवळचं उदाहरण आहे, जळगावहून साठेक किलोमीटरवरचं. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात गेलात तर रंगांची यादी करा. गेरू, पिवडी, हिरवी माती, काजळी, चुना. सगळं मातीतलं, उबदार, तपकिरी. आणि त्यात मधूनच निळा. तो निळा लाजवर्द नावाच्या दगडाचा, थेट अफगाणिस्तानातून आलेला, म्हणजे जपूनच वापरायचा. एवढ्या तांबूस-तपकिरी पसाऱ्यात तो चमचाभर निळा जिथं पडलाय तिथंच डोळा जातो. महाग होता म्हणून थोडा वापरला, की थोडा हवा होता म्हणून, यावर पंडितांनी वाद घालावा. मला माझ्या फ्लेक्सचा धडा मिळाला. आपल्याकडे शाई स्वस्त झाली आणि आपण सगळीकडे सगळे रंग ओततो. वाढदिवसाचा कुठलाही फलक बघा, सतरा रंग आणि सत्तर चेहरे. त्यात कुणाचा वाढदिवस आहे ते शोधावं लागतं.

आता पाकिटाच्या बाहेर या, कारण अर्धा काँट्रास्ट पाकिटाच्या बाहेर असतो. तुमचा फ्लेक्स सावदा-रावेर रस्त्यावर लागलाय म्हणता. त्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा. बारा महिने हिरवं. तिथं हिरव्या जमिनीचा फलक म्हणजे पानात पान. तोच फलक साक्रीच्या बाजूला वैशाखात लावा, माळ करपलेला असेल, तिथं हिरवा लांबूनही गार वाटेल. आणि तिथं पिवळा किंवा मातकट केशरी बुडेल. मी मोठा फलक करण्याआधी जागेचा फोटो मागवतो आणि डिझाइन त्या फोटोत चिकटवून बघतो. गिऱ्हाईक म्हणतं, एवढ्याशा कामाला कशाला? पण मोकळ्या पांढऱ्या पडद्यावर सगळंच छान दिसतं. फलक काही पांढऱ्या पडद्यावर लागत नाही.

टपरीवरही तेच. तुमचं पाकीट लडीत लटकणार, शेजारी मोठ्या कंपन्यांची लाल, पिवळी, निळी चकचकीत पाकिटं. तिथं लाल हा तुमचा विरोधी रंग नाही, तो गर्दीचा रंग आहे. गर्दीत भडक माणूस हरवतो. ज्या चार टपऱ्यांवर माल जातो त्यांचे फोटो काढा, आणि त्या भिंतीवर कोणता रंग नाही ते बघा. मी पाहिलंय त्याप्रमाणे गडद जांभळा आणि खादी कागदासारखा मंद रंग तिथं क्वचितच असतो.

यावरून ‘माल विकणारी जोडी’ या प्रश्नाकडे येतो. अशी जोडी नाही. 2011 मध्ये परफॉर्मेबल नावाच्या अमेरिकन कंपनीनं एका वेबपानावरचं बटण हिरवं आणि लाल असं दोन्ही करून पाहिलं, आणि लाल बटणावर 21 टक्के जास्त क्लिक आले. तेव्हापासून जगभर ‘लाल विकतो’ हे सुरू आहे. मात्र त्या पानावर आधीच बरंच काही हिरवं होतं, हे सांगायला लोक विसरतात. हिरव्यात हिरवं बटण बुडालं, लाल तरंगलं. पान लाल असतं तर उलटं घडलं असतं असं माझं मत आहे. लालनं भूक लागते, निळ्यानं विश्वास बसतो, असली सूत्रं मी कधीच मनावर घेतली नाहीत. रंगाला अर्थ असतो, पण तो गावागावाचा असतो. लग्नपत्रिकेत काळा चालत नाही. काही रंगांना पक्ष चिकटलेत, काहींना समाज, आणि गावात फलक लावण्याआधी ‘हा कुणाचा रंग?’ हा प्रश्न येतोच. ते बघावं लागतं. ते रंगशास्त्र नाही, शहाणपण आहे.

उजेडाचा मुद्दा आणखी थोडा ताणतो, कारण खान्देशात तो मुंबई-पुण्यापेक्षा वेगळा आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 44-45 च्या घरात जातो. त्या उन्हात दुपारी फ्लेक्सवर चकाकी येते आणि सगळे मधले रंग धुतले जातात. फक्त खूप गडद आणि खूप उजळ उरतं. मोबाइलचंही तसंच. घरात बसून केलेलं व्हॉट्सॲप स्टेटस बाजारात उन्हात उभं राहून बघितलं की काचेवरच्या प्रतिबिंबानं त्याचा काँट्रास्ट निम्म्यावर येतो. म्हणून निकष 4.5 म्हणत असला तरी बाहेर बघायच्या गोष्टीला मी 7 च्या खाली जात नाही.

मग ते ऊन शाई खातं. डिजिटल फ्लेक्सच्या चार शायांपैकी साधारणतः पिवळी आणि मॅजेंटा (राणी रंगाची) आधी उडतात, सायन आणि काळी टिकतात. म्हणून जुने फलक निळे पडलेले दिसतात. तुमच्या जोडीचं काय होईल ते बघा: लाल म्हणजे मॅजेंटा आणि पिवळा, दोन्ही जाणारे. हिरव्यातला पिवळा जाणार, सायन राहणार. पुढच्या आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, निळ्या जमिनीवर फिक्कट गुलाबी नाव. गडद जमिनीवर पांढरं अक्षर असेल तर रंग उडाले तरी नाव मरत नाही, कारण पांढरं म्हणजे कोरा कपडा, त्याला उडायला काही नाही.

आणि दिवेलागण. पुर्किंये नावाच्या चेक शास्त्रज्ञाच्या लक्षात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच आलं होतं की संध्याकाळी लाल फुलं आधी काळवंडतात, निळी-हिरवी मात्र उजळ राहतात. अंधुक प्रकाशात डोळ्याच्या ज्या पेशी काम करतात त्यांना लाल जवळजवळ दिसतच नाही. आठवडी बाजार भरात येतो तो नेमका त्याच वेळी, शेतातून माणसं परतल्यावर. तेव्हा तुमचं लाल नाव काळं झालेलं असतं आणि हिरवी जमीन त्याच्याहून किंचित उजळ. दुकानदार ‘नाव लागत नाही’ म्हणाला तो दुपारी म्हणाला की संध्याकाळी, विचारून बघा.

काही पुरुषांना लाल-हिरव्यातला फरक जन्मतःच कळत नाही. हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो, म्हणून बायकांत फार कमी. युरोपीय वंशाच्या पुरुषांत तो सुमारे 8 टक्के आढळतो. आपल्याकडच्या खाद्यपदार्थांवरच्या खुणेतही याचा विचार झाला. शाकाहारी खूण हिरवा ठिपका, मांसाहारी पूर्वी तपकिरी ठिपका. रंग न कळणाऱ्याला दोन्ही सारखेच. 2020 च्या लेबलिंग नियमांत मांसाहारी खुणेचा ठिपका जाऊन त्रिकोण आला. मी यातून एवढं उचललं: जी गोष्ट कळलीच पाहिजे ती फक्त रंगावर सोडू नये, आकारही वेगळा द्यावा. तुम्ही खारट, मिरी आणि तिखट अशा तीन चवी करता, तर तिन्ही पाकिटांचा नुसता पट्टा बदलू नका, मिरीचे दाणे, मिरचीचं चित्र असं काहीतरी द्या.

शाकाहारी खूण तुमच्या पाकिटावर कुठं आहे ते मला आधी बघायचं होतं, आणि ती हिरव्या जमिनीवर थेट छापलेली आहे. ताई, हे बदलावंच लागेल. ती खूण विरोधी जमिनीवर, दर्शनी बाजूला असावी असा नियमच आहे. हिरव्यावर हिरवा ठिपका कुणाला दिसणार? पांढरा चौकोन टाकून त्यात ठेवा.

छपाईचं थोडं सांगतो, कारण पाकीट पुन्हा करायला गेलात की प्रेसवाला विचारणार नाही, आणि नंतर ‘स्क्रीनवर वेगळं दिसत होतं’ म्हणून आपणच कपाळाला हात लावतो. पारदर्शक किंवा चंदेरी फिल्मवर छापताना रंगाच्या मागं पांढऱ्या शाईचा थर लागतो. तो वाचवला तर सगळे रंग मळकट होतात आणि केलेला काँट्रास्ट तिथंच मरतो. घटकांची यादी, वजन, तारीख हे बारीक मजकूर हिरव्यातून पांढरे कोरून काढू नका. हिरवा म्हणजे सायन आणि पिवळ्याचे दोन ठसे, एक केसभर सरकला की बारीक अक्षर बुजतं. देवनागरीत हे जास्त नडतं, शिरोरेषा आहे, मात्रा आहेत, भ आणि म ची गाठ आहे. पांढऱ्या पट्टीवर एकट्या काळ्या शाईत ते छापा. आणि नावाला पांढरी आउटलाइन, तिच्याबाहेर काळी, तिच्यामागं सावली, हा फ्लेक्सवाल्यांचा लाडका तीन पदरी इलाज करू नका. जोडाक्षरांची पोटं भरून जातात. एक बारीक जरीची रेघ ठीक, पण तीन थर लावल्याशिवाय नाव दिसत नसेल तर मुळात रंग चुकलेत.

आता प्रत्यक्ष काय करायचं. मी तुमच्या जागी असतो तर माल बघितला असता. केळीचा वेफर हळदी पिवळा. त्याच्यासमोर रंगचक्रावर जांभळा. पाकिटाचं अंग गडद जांभळं ठेवायचं, पिकलेल्या जांभळासारखं, त्यावर नाव फिक्या हळदी रंगात. हे गुणोत्तर 9 च्या आसपास जातं, म्हणजे कृष्णधवल फोटोतही नाव ठणठणीत. पिवळा एक भाग, जांभळा तीन, हा ठोकताळा इथं जसाच्या तसा बसतो. जांभळा छापताना निळा होऊन येतो ही जुनी तक्रार आहे, म्हणून मॅजेंटा सायनपेक्षा निदान तीस टक्के जास्त ठेवायला सांगा. मी सायन 65, मॅजेंटा 100 आणि काळी 30 टक्के यापासून सुरुवात करतो आणि प्रूफ (नमुना छपाई) बघून हलवतो. वेफर दिसावा म्हणून खिडकी ठेवा, पण तळहाताएवढी नको, उजेडानं तेल लवकर खवट होतं. लॅमिनेशन मॅट घ्या. ग्लॉसवर टपरीच्या बल्बचा डाग नेमका नावावर पडतो.

घरच्यांना हिरवाच हवा असेल, ‘केळीचं पान आहे, आपली ओळख आहे’ असं सासूबाई म्हणत असतील, तर तेही चुकीचं नाही. हिरवा जवळजवळ काळा होईपर्यंत गडद करा, नाव साईसारख्या पिवळट पांढऱ्यात लिहा, आणि लाल फक्त तिखट चवीच्या मिरचीपुरता ठेवा, भोवती पिवळट रेघ देऊन. म्हणजे काठ. रस्त्यावरच्या फ्लेक्सला मात्र हिरवी जमीन देऊ नका, तिथं बागांनी ती आधीच अंथरलेली आहे. तिथं पिवळ्यावर गडद जांभळं लिहा, पाकिटाचंच उलट करून.

अक्षर किती मोठं? धंद्यातला जुना हिशोब दहा फुटांना एक इंच. मी देवनागरीला त्याच्या दीडपट धरतो, कारण उंचीतला बराच भाग वेलांट्या-मात्रा खातात. रस्त्यापलीकडून, साठ फुटांवरून वाचायचं तर नऊ इंच. तुमचा फ्लेक्स चार बाय सहाचा आणि त्यात नाव, पत्ता, दोन फोन, देवाचा फोटो, तीन पाकिटं आणि ‘आमच्या येथे’ ची यादी. काहीतरी काढा. देवाला हात लावू नका, यादी काढा.

तपासायची रीत माझ्या वस्तादानं शिकवलेली आहे. बोर्ड झाला की ते रस्ता ओलांडून जायचे आणि डोळे किलकिले करून पापण्यांतून बघायचे. रंग मिटतात, उजेड-अंधार तेवढा उरतो. नाव तेव्हाही लागलं तर बोर्ड पास. नाही लागलं तर ब्रश पुन्हा डब्यात. प्रूफ हातात आल्यावर घरात ट्यूबलाइटखाली बघून होकार देऊ नका. एकदा दुपारी ओट्यावर, एकदा दिवे लावायच्या वेळी, दोन्हीदा दहा पावलांवरून बघा, आणि शेजारी दुकानातली दुसरी चार पाकिटं ठेवून बघा.

छापून पडलेली पाकिटं फेकू नका. लाल नाव पूर्ण झाकेल एवढं पिवळं स्टिकर छापून घ्या, त्यावर गडद जांभळ्यात किंवा काळ्यात नाव, आणि हिरवी खूण स्टिकरच्याच कोपऱ्यात पांढऱ्या चौकोनात. गर्द हिरव्यावर तो पिवळा पट्टा बरा दिसेल. वजन, किंमत, तारीख यांच्यावर स्टिकर चढणार नाही हे बघा. फ्लेक्सवर तेवढ्याच मापाचा विनाइलचा पट्टा मारून मिळतो, खाली उतरवायचीही गरज नाही. शिडी आणि एक माणूस, तासाभराचं काम. ऊन डोक्यावर असताना मारायला सांगू नका, विनाइल ताणतं आणि संध्याकाळी सुरकुत्या पडतात.